पाटी नेली, दुकान राहिलं

"घेतलंय म्हटलं ना सगळं. उगाच डोकं नको खाऊ, आई."

"भिंगरीला आधी एक फोन कर. मग काय पुसायचं ते पूस."

"तिला काय विचारायचं? हे बघ, तिच्या दुकानाचं चिन्हपण घेतलंय. दिसतंय ना? झालं तर मग."

हे दोघं माझ्या डोक्यावर भांडतायत. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. आणि दादा खोटं बोलत नाहीये, तो चुकतोय. ते जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

वेळ कमी आहे, म्हणून जन्म-बिन्म थोडक्यात सांगतो. एका दुकानात टेबलावर जोडलं मला. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा. दादा तेव्हा कॉलेजात होता. मला बाळासारखं मांडीवर धरून घरी आणलं त्याने. मित्र आले की सांगायचा, रॉकेट आहे रॉकेट. मग त्याला नोकरी लागली, लॅपटॉप आला, आणि रॉकेटचं स्टूल झालं. आई माझ्यावर रिळांचा डबा ठेवायला लागली. ती घरीच कपडे दुरुस्त करते. कोटाचं अस्तर, पँटची चेन, असलं काम. तिच्या कापडांचे धागे माझ्या पंख्यात गेले, पंखा खरखरायला लागला. दादा म्हणाला, मेला वाटतं. माझा प्लग काढला आणि तिथे मोबाईल लावला. एवढंच. इतक्या वर्षांची दोस्ती.

मला परत उठवलं भिंगरीने. दादाची धाकटी बहीण. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं तर ही गेटबाहेर गेली, ती परत गेलीच नाही. तेव्हापासून घरात तिला कोणी जमेत धरत नाही. जेवताना दादा त्याच्या साहेबांच्या मुलाचे मार्क सांगतो आणि ही ताटात बघत बसते.

तिने माझं झाकण उघडलं, आईच्या चिमट्याने पंख्यातले धागे ओढून काढले आणि जाहीर केलं की आईच्या कामाची वेबसाइट बनवणार. दादा म्हणाला, आधी चहा बनवायला शीक.

वेबसाइट जगात सोडण्याआधी घरातल्या घरात चालवून बघतात, मित्रांनो. त्यासाठी माझ्यासारख्याच्या पोटात एक सर्व्हर बसवायचा. सर्व्हर म्हणजे काउंटरवरचा माणूस. पान मागितलं की काढून देतो. त्याच्या शेजारी डेटाबेस, म्हणजे मालाची कपाटं. भिंगरीने दोन्ही बसवलं आणि सर्व्हर सुरूच होईना. नुसती लाल अक्षरं. तिने कीबोर्ड आपटला, मला शिव्या घातल्या. मीपण तापलेलोच होतो. शेवटी कळलं, सर्व्हरला ज्या नंबरच्या दारात बसायचं होतं तिथे दादाचा जुना व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम आधीच पाय पसरून बसलाय. या घरात तिच्या वाट्याला रिकामं दार आलंय कधी? तिने सर्व्हरला दुसरं दार दिलं. पान उघडलं. कोरं, एका ओळीचं, पण उघडलं. भिंगरी उठली आणि खोलीभर गरागरा फिरली.

मग तिने आईचं दुकान मांडलं. फाटलेला कोट, आणि शेजारी तोच कोट शिवून झालेला. आईने चष्मा पुसून दोनदा बघितलं. म्हणाली, "हा टाका माझा? बरा दिसतोय की."

मागच्या गल्लीतल्या छापखान्याच्या मालकाला वेबसाइट करणारं कोणीतरी हवं होतं. तो म्हणाला, शाळा विचारत नाही, काम दाखव. भिंगरीने त्याला पत्ता पाठवला. त्याच्याकडे काहीच उघडलं नाही. उघडणार कसं? तो पत्ता फक्त माझ्यावर चालतो. बाहेरच्याला तो कळतच नाही. भिंगरीचे कान लाल झाले. पण मालकाने समजून घेतलं. म्हणाला, मशीनच उचलून आण, संध्याकाळी बघतो, उद्या दुसऱ्याला बोलावलंय. म्हणून ती मैत्रिणीची स्कूटर आणि मला बांधायला दोरी आणायला गेली.

ती गेली आणि दादा आला. साहेबांच्या मुलाला शिकायला कॉम्प्युटर हवाय, दादाने मला पुसून द्यायचा शब्द दिलाय. त्याने पेनड्राइव्ह लावला. फोटो घेतले, गाणी घेतली, डेस्कटॉपवरचं सगळं घेतलं. तिथे शिलाई मशीनचं एक चित्र होतं, भिंगरीच्या दुकानाचं. तेही घेतलं. पण तो नुसता शॉर्टकट आहे, मित्रांनो. पाटी आहे ती. दुकान आहे सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, आत, जिथे दादा आयुष्यात डोकावला नाही. कपाटं त्याहून आत.

मी काय करणार? पंखा जिवाच्या आकांताने फिरवला. दादा म्हणाला, "ऐक, ऐक. मरायला टेकलाय."

आणि त्याने 'सगळं काढून टाका' दाबलं. आई म्हणाली, अरे थांबव ते. तो म्हणाला, "आता मध्येच थांबवता येत नाही." त्यातही ऐट.

शेवटी उपदेश करायचा असतो म्हणून करतो. कुणाचं काही पुसायचं असेल तर आधी त्यालाच विचारा, तुझं कुठे कुठे ठेवलंयस. ज्याला सगळं कळतं त्याने तर विचारावंच. आणि तुम्ही भिंगरीसारखे असाल तर एक कॉपी घराबाहेर ठेवा. पुसायला चोर येत नाहीत, घरचेच पुरतात.

फाटका कोट गेला आत्ता. शिवलेला अजून आहे. नाही, तोपण गेला.

जिन्यात चपला वाजतायत, दोन-दोन पायऱ्या एकदम.

"आई, दोरी मिळाली. दादा, आलायस ते बरं झालं, एका बाजूने धर जरा याला."

मला निघायला हवं.