गळतीचा रकाना

“जुन्या पंपघराच्या तळघरात एकतीस वर्षे गळती सुरू असून मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे ती दुरुस्त झालेली नाही, सबब शाश्वत शहर आराखड्यानुसार तळघर काँक्रीटने भरण्यात यावे.”

आरोपपत्र वाचून पाणीपुरवठा खात्याच्या अधीक्षकांनी चष्मा उतरवला. त्या वाक्यात ‘एकतीस’ एवढाच शब्द खरा होता. आराखडा तीनशे पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला. साठ कोसांवरून पाणी आणून शहराचे भविष्य निर्धोक करण्याचा त्यात संकल्प होता. मात्र त्याच्या विद्वान कर्त्यांपैकी एकानेही या तळघराच्या चौदा पायऱ्या उतरण्याची तसदी घेतली नव्हती.

“काही म्हणायचंय?” त्यांनी समोर उभ्या मेकॅनिकला विचारले.

“म्हणायचं काय, साहेब! खाली चला,” मेकॅनिक म्हणाला. “काँक्रीटची गाडी दारात घुरघुरतेय, तिला जरा दम धरायला सांगा.”

सगळे उतरले. दगडी कोनाड्यातून मनगटाएवढी धार पडत होती. मेकॅनिकने पंप बंद केला, मुख्य झडप आवळली. दाबमापकाचा काटा शून्यावर आला. धार तसूभरही कमी झाली नाही.

“नळाचं पाणी असतं तर एव्हाना आटलं असतं. हा झरा आहे, साहेब. आधी हा, मग याच्याभोवती चार घरं, मग तुमचं शहर.”

जबाब टिपायला आलेल्या टंकलेखिकेने ओंजळ धरली. “अगंबाई! काका, किती गोड! औषधाचा वाससुद्धा नाही.”

अधीक्षकांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच हात पुढे करून एक घोट घेतला. बाही कोपरापर्यंत भिजली.

“बाही आधी वर करायची असते, साहेब. आराखड्यात नाही का लिहिलं?”

हुद्द्याला मुळीच न शोभेल इतक्या मोठ्याने अधीक्षक हसले. हसता हसता पुन्हा प्यायले. गाडी आल्या वाटेने परत गेली.

परंतु चौकशी ती चौकशी. वर येऊन, ओल्या बाहीनिशी, त्यांनी विचारले, “मग नोंदवहीत एकतीस वर्षं स्वतःच्या हातानं ‘गळती’ का लिहिलंत?”

टंकलेखिकेने बोटे सरसावली. आरोपीचा जबाब शब्दशः असा:

“होय, खोटी नोंद मीच केली. झरा लिहिला असता तर समिती आली असती, पाटी लागली असती आणि सुशोभीकरणात झरा बुजला असता. गळती लिहिली की आपल्या खात्यातलं कुणी फिरकत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”