दोन नाकांचं नाणं

मी एक चुकलेलं नाणं बोलतोय. टाकसाळीत माझ्यावर ठसा उमटवताना मी जरासा सरकलो आणि दुसरा ठोका पहिल्याच्या शेजारी बसला. त्यामुळे माझ्यावरच्या राजाला दोन नाकं आहेत.

दुकानात मला कोणी घेईना. 'खोटं आहे' म्हणून जो तो परत करी. फिरत फिरत मी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाती आलो. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि तो पोट धरून हसला. बायकोला म्हणाला, "हे बघ, माझ्यासारखंच बनवताना बिघडलंय."

त्याने मला भोक पाडलं, जाड काळा दोरा ओवला आणि गळ्यात घातलं. सात वर्षं मी त्याच्या छातीवर होतो. तो मशीनवर वाकला की मी मध्येमध्ये लोंबायचो. मग तो मला दातांत धरून काम करायचा. त्याची बायको घरी शिवणकाम करी. ती म्हणायची, "गिळाल एक दिवस."

एका दुपारी तो नदीत बुडाला. पाण्याने आम्हाला दोन दिवस वाहत नेलं आणि परक्या शहराच्या काठाला लावलं.

तिथल्या इस्पितळाच्या शवागारात एक तरुण कारकून होता. आलेल्या माणसाच्या अंगावर काय काय आहे, ते नोंदवून ठेवायचं त्याचं काम. तो वाईट नव्हता. अंगठ्या, घड्याळं, कानातली, कशालाही त्याने कधी हात लावला नव्हता. पण शाळेत असल्यापासून त्याला नाणी जमवायचा नाद होता. त्याने मला खिडकीच्या उजेडात धरलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"दुहेरी ठसा," तो पुटपुटला.

कात्रीने त्याने दोरा कापला. मला खिशात टाकलं आणि वहीत लिहिलं, 'अंगावर वस्तू : काही नाही.'

बुडालेल्याजवळ कागदपत्र नव्हतं, आणि चेहरा पाण्याने ओळखण्यासारखा ठेवला नव्हता. ओळख सांगेल असा एकटा मीच होतो. आठ दिवस वाट पाहून त्याला शहराबाहेर स्मशानभूमीच्या भिंतीलगत बेवारस म्हणून पुरलं.

मला मात्र मखमलीचा खण मिळाला. कारकुनाच्या संग्रहात माझ्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. एकदा त्याने मला एका जुन्या संग्राहकाला दाखवलं. म्हाताऱ्याने भिंग लावून मला न्याहाळलं. "भोक पाडणाऱ्याचे हात मोडले पाहिजेत," तो म्हणाला. "कुठे मिळालं रे हे?"

"जुन्या बाजारात," कारकून म्हणाला. त्याच्या तळव्याला घाम फुटला, तो मला लागला. त्यानंतर त्याने मला कुणालाच दाखवलं नाही.

महिन्याभराने सकाळी चहा पिताना त्याने वर्तमानपत्र उघडलं. हरवलेल्यांच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. 'शिलाई मशीन दुरुस्त करतात. उंच, सडपातळ. गळ्यात काळ्या दोऱ्यात भोक पाडलेलं नाणं. कोणाला दिसल्यास कळवावे.' खाली पत्ता. कारकून उठला, कपाटाशी आला आणि मला पालथं घालून खण लावला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. नोकरी गेली तर कसं, असं तो स्वतःलाच समजावत राहिला.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याच चार ओळी आल्या. त्याच्याही पुढच्या वर्षी आल्या. एकदा त्याने पेपर बंद केला, पण त्या तारखेला स्वतःच नाक्यावर जाऊन विकत आणला. माझ्या खणातून नदीचा वास येतो असं त्याला वाटू लागलं. बायकोने हुंगून पाहिलं. म्हणाली, "तांब्याचा वास आहे, दुसरा कसला असणार?" तरी त्याने मखमल उन्हात वाळवली. एकदा नाही, दर आठवड्याला.

अशी एकोणीस वर्षं गेली. विसाव्या वर्षी चार ओळी आल्या नाहीत.

त्याला हायसं वाटायला हवं होतं. तो पेपर तीनतीनदा चाळत बसला.

"काय शोधताय एवढं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याला वहीतली ती नोंद आठवली. मग त्याने तिला सगळं सांगितलं. तिने त्याच्या हातातला पेपर काढून घेतला. म्हणाली, "पत्ता छापलेला असतो ना? मग इथे काय बसलात?"

बसने तो त्या गावी गेला. दार उघडंच होतं. मशीनवर बुडालेल्याची बायको बसली होती, केस पिकलेली.

"यंदा जाहिरात का नाही आली?" त्याच्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"त्यांनी तो कोपराच बंद केला," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

त्याने मला मशीनच्या फळीवर ठेवलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थिजला होता.

"एकोणीस वर्षं मी या दाराला आतून कडी लावली नाही," ती म्हणाली.

"मला माफ—"

"ते राहू द्या. जागा दाखवा."

तिने खडू पुढे केला. टेबलावरच्या कापडाच्या तुकड्यावर त्याने भिंत काढली, रस्ता काढला, भिंतीच्या कोपऱ्यापासून चौथ्या जागी फुली मारली.

"पडले होते का ते?" तिने विचारलं. "की स्वतःहून..."

"ते कळलं नाही, बाई."

मग तिने त्या सकाळचं सांगितलं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर नवऱ्याच्या तेलकट बोटांचे डाग पडले होते. "मी म्हणाले, हे हात घेऊन घरात येऊ नका. ते काही न बोलता गेले."

कारकून निघाला. दारातून वळून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात जरा पुढे आला, मग त्याने तो खिशात घातला.

आता मी नव्या दोऱ्यात ओवलेला, मशीनच्या रिळाशेजारी टांगलेला असतो. ती भिंतीपाशी जाऊन आली आहे. तरी रीळ बदलताना ती मला चिमटीत धरते आणि विचारते, "पडलात, की..." पुढचं तिच्याने बोलवत नाही.

मी त्याच्या गळ्यात होतो, मला ठाऊक आहे. शेवटचं मशीन दुरुस्त करून तो घरी निघाला, तेव्हा त्याची बोटं तेलाने काळी झाली होती. तो नदीच्या पायऱ्या उतरला. ओंजळभर वाळू घेऊन त्याने हात घासले, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. मग दोन्ही हात उन्हात धरून नीट तपासले. स्वच्छ होते. तो उठला, आणि पायरी शेवाळलेली होती.

मला तोंड नाही याचं मला फार वर्षं दुःख होतं. आता ती मला धरून विचारते तेव्हा मला माझीच भीती वाटते, तोंड असतं तर मी सगळंच सांगून बसलो असतो. म्हणून हे तुमच्यावर सोपवतो. तिच्याकडे कधी काही शिवायला गेलात, तर तिला सांगा, तो पडला, आणि तो घरीच निघाला होता. हात धुतल्याचं मात्र सांगू नका.