चार दिवसांची गोळी

"पाळीत रक्त जास्त जायला लागलं तरी ही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आम्हाला येऊन सांगायचं. काय सांगितलं मी?"

दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी पायल सिस्टरनं ऋतुजाला हे बजावून विचारलं होतं. ऋतुजाचं लक्ष सिस्टरकडं नव्हतंच. खाटेच्या या अंगाला नवरा कुमार पिशव्या भरत होता, त्या अंगाला सासरे आबासाहेब पटका सावरत उभे होते, आणि ही बाई त्या दोघांदेखत खुशाल पाळीचं बोलत होती! ऋतुजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हो हो, कळलं," म्हणून तिनं विषय तोडला आणि मुद्दाम टाक्यांचं काहीतरी विचारलं. पालेभाजी एकदम बंदही करायची नाही आणि एकदम ताटभरही खायची नाही, दुखतंय म्हणून मेडिकलमधून कसलीही गोळी आणायची नाही, हे बाकीचं सगळं तिनं मन लावून ऐकलं. नेमकं तेवढं एक सोडलं.

ऋतुजा शिकलेली होती. सोलापुरातच तिनं बीएस्सी केलं होतं. लहानपणी कधीतरी सांध्यांचा ताप आला होता, तो अंगावर काढला होता, आणि त्या तापानं हृदयाची झडप खराब करून ठेवलीय हे मात्र आरोही झाल्यावर, एक जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा उघडकीला आलं. ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली आणि जन्मभरासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी मागे लागली.

घरी आल्यावरचे दिवस काही सोपे नव्हते. शिंक आली तरी छातीचं हाड ओढल्यासारखं व्हायचं. तीन वर्षांची आरोही 'घे' म्हणून हात वर करायची आणि हिला तिला उचलता यायचं नाही. दात घासले की हिरड्यांतून रक्त, दाराची कडी जरा लागली की दंडावर निळा डाग. आणि शांत बसलं की छातीतून झडपेची बारीक टकटक ऐकू यायची. कुमार अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो म्हणायचा, "दिवसभर तिकडं माग, घरी आलं की इकडं माग. एक चादर तरी काढून दे की." ती हसायची. हसताना टाके दुखायचे, तरी हसायची.

तिच्यासाठी सासू-सासरे सांगोल्याकडचं गाव सोडून सोलापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. मेंढरं पुतण्याच्या हवाली करून आबासाहेब आले, आणि दिवसभर दाराशी बसून आरोहीला सांभाळू लागले. सासू केराबाईंनी तर सगळं घरच अंगावर घेतलं. सुनेची वेणी घातली, तिचे कपडे धुतले, गरम भाकरी पुढ्यात ठेवली. औषधाचा डबा त्यांनी स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात, बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवला. "ह्या गोळीमुळं माजी पोरगी उबी हाय," असं म्हणून रोज दिवेलागणीला दिवा लावायचा आणि मग गोळी सुनेच्या हातावर ठेवायची, असा त्यांचा नेम. एक दिवस चुकला नाही.

मग ऋतुजाची पाळी आली.

पहिल्यापासून या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत. ऋतुजाला ती पटत नव्हती. पण जी बाई आपलं अंग पुसून देते तिच्याशी वाद कुठल्या तोंडानं घालायचा, असं म्हणून ती बाहेरच्या खोलीत चटईवर बसली. या वेळचं रक्त मात्र नेहमीचं नव्हतं. चटई धुवावी लागली. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. संध्याकाळी दिवा लागला. केराबाई देव्हाऱ्यापुढं हात जोडून जरा थांबल्या, आणि गोळी न घेताच बाहेर आल्या. विटाळात देव्हाऱ्यातली वस्तू कशी द्यायची, हे एक. आणि रक्त आधीच एवढं जातंय, त्यात ते आणखी पातळ करायची गोळी कशाला, हे दुसरं. ऋतुजानं ते पाहिलं. मागावी असं तिला वाटलं. पण दाराशी सासरे बसलेले, त्यांच्यापुढं काय बोलायचं? आणि खरं सांगायचं तर रक्ताला ती स्वतःही भ्याली होती. तिनं गोळी मागितली नाही.

चौथ्या दिवशी रक्त कमी झालं. ते तसंही होणारच होतं. पण दोघींना वाटलं, गोळी थांबवल्याचा गुण आला. न बोलताच ठरून गेलं, की चार दिवस गोळी नाही.

रक्त किती पातळ आहे ते पाहायची तपासणी दर महिन्याला असे. आकडा हवा त्याच्या खालीच येई. डॉक्टरीण सोनवणे बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, गोळी चुकते का? कुमार छाती पुढं काढून सांगायचा, "नाही मॅडम, आई रोज देवापुढनं हातावर ठेवते." ऋतुजा नखं बघत बसायची. डॉक्टर गोळीची ताकद वाढवायच्या. मग पुढच्या पाळीत रक्त आणखी जाई, आणि दोघी आणखी भिऊन गोळी आणखी नेमानं बंद ठेवत.

आपल्यातली किती शिकलेली माणसं असंच वागत असतील! वर्तमानपत्रात दुसऱ्याचं वाचलं की हळहळतो, आणि स्वतःच्या डॉक्टरपुढं नखं बघत बसतो.

असेच काही महिने गेले. एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. पाळीचा चौथा दिवस होता. ऋतुजा चटईवर बसून आरोहीचे केस विंचरत होती. एकाएकी फणी हातातून सुटली. तिनं उचलायला हात नेला, बोटं फणीवर पडली, पण मिटेनात. आरोही वळून बघायला लागली. 'हलू नको' असं ऋतुजाला म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. आरोहीला वाटलं आई खेळतेय. ती टाळ्या वाजवून हसली, आणि आईनं तसंच पुन्हा करावं म्हणून तिच्या मांडीवर चढली. तिला धरायला ऋतुजाचा उजवा हात उठलाच नाही.

दाराशी बसलेले आबासाहेब जागचे उठले. शंभर मेंढरांत एखादं मान टाकून चालायला लागलं तर लांबून ओळखणारा माणूस तो. त्यांनी नातीला उचलून बाजूला ठेवलं, सुनेचा हात धरून बघितला आणि आत हाक मारली, "केरा, हातातलं टाक. दवाखान्यात जायचं."

आरोहीला शेजारी सोडून तिघं रिक्षात बसले. रिक्षा निम्म्या रस्त्यात असतानाच ऋतुजाच्या बोटांत जीव परत आला. जीभही वळायला लागली. केराबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, उतरलं, उनाचं झालं आसंल, चला माघारी. ऋतुजानंही मान हलवली. दवाखान्यात गेलं की विचारतील, आणि विचारलं की सांगावं लागेल, याचीच तिला जास्त धास्ती. आबासाहेबांनी रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं, "तू चालव."

सोनवणे बाईंनी तिला तपासलं, हात दाबायला लावला, नाव विचारलं. मग म्हणाल्या, "कालची गोळी घेतली होती?"

"घेतली की. रोज देतीया मी," केराबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"मला नक्की सांगा. इंजेक्शन कोणतं आणि किती द्यायचं ते यावरच ठरणार आहे. चुकीचं सांगाल तर चुकीचं देईन."

ऋतुजानं सासूकडं पाहिलं, मग सासऱ्यांकडं. आबासाहेबांच्या ध्यानात आलं की अडथळा आपलाच आहे. ते दाराकडं निघाले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

"न्हाय, मी भाईर जात न्हाय," ते म्हणाले. "माज्यापासनं लपवायचं म्हनून पोरगी हातची जायची आसंल, तर माज्याम्होरंच बोल. काय आसंल ते बोल, पोरी."

आणि ऋतुजा बोलली. तीन दिवस गोळी घेतलेली नाही. गेल्या महिन्यातही नाही, त्याच्या आधीही नाही. पाळीत एवढं रक्त जातं की भीती वाटते. आणि डबा देव्हाऱ्यात असतो, तिथं या दिवसांत हात लावायचा नसतो. बोलता बोलता ती रडली नाही. उलट छातीवरचा दगड कुणीतरी बाजूला केल्यासारखा तिचा आवाज मोकळा होत गेला.

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून तिच्या खाटेजवळ बसल्या. "म्हणजे इतके महिने तू न घेतलेल्या गोळ्यांवर मी डोस वाढवत बसले होते," त्या म्हणाल्या. धातूची झडप आहे, तिच्यावर रक्त थांबलं की गुठळी धरते. गुठळीचा कण सुटून मेंदूत गेला की हात जातो, बोलणं जातं, कधी माणूस जातं. आज कण बारीक होता, वेळेत आलात, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाल्या, "आणि पाळीचं म्हणशील, तर त्याच्यावर इलाज आहे गं. आमच्या शेजारच्याच खोलीत स्त्रियांच्या डॉक्टर बसतात. तू सांगितलंच नाहीस."

केराबाई खाली बसल्या होत्या. "देवापाशी ठिवलीया गोळी," त्या पुटपुटल्या. "इटाळात कशी द्यायची? देवाला काय वाटंल?"

तेव्हा आबासाहेब बोलले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"आगं, आडलेल्या मेंढ्यांची किती कोकरं ह्या हातानं वडून काढली. कोपरापतूर रगत आसायचं. हिरीवर हात धुवायचा आन् त्येच हातानं बिरोबाला भंडारा व्हायचा. देव मला कदी म्हनला का, लांब हो म्हनून? मेंढीचं रगत त्याला चाललं. आन् ह्या पोरीचं, जिनं आपल्या घरात आरोही आनली, तिचं चालत न्हाय व्हय? देव येवढा खुळा न्हाय, केरा. खुळं आपुन."

केराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी सुनेचा तोच उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि, "मला दाबून दाव बरं," म्हणाल्या. ऋतुजानं दाबला. "आजून जोरात," केराबाई म्हणाल्या. आणि मग इंजेक्शनची बाटली लागेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही.

काही दिवस दवाखान्यात राहावं लागलं. डोक्याच्या फोटोत मोठं नुकसान दिसलं नाही, झडपही नीट हलत होती. स्त्रियांच्या डॉक्टरांनी पाळीवर उपचार सुरू केले. अंगातलं रक्त बरंच उतरलं होतं म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंड कडू पडे, पोट बिघडे. पण आता असं काही झालं की ऋतुजा फोन करून विचारायची. डॉक्टर कधी वेळ बदलून देत, कधी गोळी बदलून देत. हिरड्यांना मऊ ब्रश आला. डाग किती दिवसांत जातो, धाप कुठल्या कामानं लागते, हे सगळं ती डॉक्टरांना आपण होऊन सांगू लागली. नखं बघणं संपलं. आरोहीला ती आता खुर्चीवर बसून मांडीवर घेते, मग दोघींचंही भागतं.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. घरमालक विरुपाक्ष आबासाहेबांबरोबर बाहेरच्या खोलीत चहा घेत बसले होते. कुमार पेपर वाचत होता. ऋतुजा खिडकीशी तांदूळ निवडत होती. केराबाईंनीच ताट तिच्या हातात दिलं होतं. एवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "ऋतुजाऽ, पाळी कालच्यापरास कमी हाय का जास्त गं? आन् दुपारच्याला फोन करायचा हाय न्हवं बाईस्नी?"

विरुपाक्षांची बशी तोंडाशी थांबली. ते निरखून पंख्याकडं बघायला लागले. कुमारनं पेपर वर धरला.

"पंख्यात काय बगताय मालक," आबासाहेब म्हणाले. "च्या निवतोय. सुनंची तब्येत इचारतीया ती."

ऋतुजाचे कान तापले नाहीत असं नाही. पण तिनं तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "कमी आहे, आत्या. खूपच कमी."

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण त्यानंतरचं आयुष्य घर सांभाळतं. आणि ज्या घरात रक्ताचं नाव काढायची चोरी असते, त्या घरात कितीही माया असली तरी औषध पोटापर्यंत पोचत नाही. त्रास अंगावर काढणं म्हणजे सहनशीलता नव्हे आणि तो बोलून दाखवणं म्हणजे निर्लज्जपणा नव्हे, हे ऋतुजाला शिकायला एक दुपार लागली. ती दुपार दुसऱ्या कुणावर येऊ नये असं तिला वाटतं.

म्हणून तिचं तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, भावकीत, शेजारी, हृदयाचं ऑपरेशन होऊन गोळ्यांवर असलेली कुणी बाई असेल. तिला "बरी आहेस ना?" असं विचारू नका; त्याला सगळ्या बायका "हो"च म्हणतात. आज तिच्याकडं जा, तिच्याजवळ बसा आणि विचारा, की कालची गोळी घेतलीस का, आणि घेतली नसशील तर का नाही. ती नखं बघायला लागली, तर उठू नका. थांबा. ती बोलेल.