इटलीहून आणलेले पाय

कला माणसाला मुक्त करते. परदेशप्रवास त्याची दृष्टी विशाल करतो. आणि हे दोन्ही योग एकाच वेळी जुळून आले, तर त्या माणसाचा पुनर्जन्म होतो. दिल्लीतल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवी स्मरणिकेत हे दर वर्षी पहिल्या पानावर छापलेलं असतं आणि त्याच पानाच्या खालच्या अर्ध्यात बासमती तांदळाची जाहिरात असते. वृंदाताई टिपणीस यांचा पुनर्जन्म मात्र खरोखर झाला. तो घोट्याच्या खाली झाला.

वृंदाताई केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीभर सरकारी क्वार्टर, आणि निवृत्तीनंतर गुरुग्रामच्या एका सोसायटीत चौदावा मजला. चित्रं त्या पहिल्यापासून काढायच्या. गणेशोत्सवात मंडळ पहाडगंजजवळच्या सभागृहात सभासदांच्या कलांचं प्रदर्शन भरवत असे, आणि त्यात वृंदाताईंची एक बाई ठरलेली. तुळशीपाशी बाई, विहिरीवर बाई, झोपाळ्यावर बाई. चेहरा सुरेख, डोळे पाणीदार, नथ अशी की सोनारानं बघून घडवावी. साडी मात्र जमिनीपर्यंत. जमिनीपर्यंत म्हणजे जमिनीत थोडी रुतलेलीच, कारण वृंदाताईंना पाय काढता येत नसत.

ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं निऱ्यांखाली झाकून ठेवली होती. विहिरीवरच्या बाईच्या पायांपुढे घागर यायची, झोपाळ्यावरच्या बाईच्या पायांपुढे मांजर. एका वर्षी मांजराचेही पाय जमेनात, तेव्हा त्याच्यावर पदर सोडावा लागला.

मग एका गणेशोत्सवात मंडळाच्या सांस्कृतिक सचिव चंद्रप्रभाताई चित्रासमोर उभ्या राहून चार लोकांत म्हणाल्या, “वृंदे, तुझ्या बायका गोड असतात गं. पण त्या चालत नाहीत. सरकतात.”

सगळे हसले. वृंदाताईही हसल्या. मग मेट्रोत बसून गुरुग्राम येईपर्यंत समोरच्या प्रवाशांचे पाय बघत राहिल्या. एकाच्याही पायांपुढे मांजर नव्हतं. त्या प्रवासात त्यांनी एकच गोष्ट मनाशी धरली: आपण काढलेला पाय बघून एकदा तरी कुणीतरी, न सांगता, तो पाय आहे असं मानायला हवं.

मुलीनं, नीलानं, इंटरनेटवर शोधून काढलं. फ्लॉरेन्समध्ये सहा आठवड्यांचा वर्ग होता, विषय मानवी शरीर, वयाची अट नाही.

“पाय शिकायला इटली?” दिनकरराव म्हणाले. तेही मंत्रालयातूनच निवृत्त झालेले, त्यामुळे कोणत्याही प्रस्तावावर आधी शंका काढायची ही सवय होती. “पाय मलाही आहेत. घे, काढ.”

“तुमचे रोज बघते.”

“मग?”

“मग काय? बघून झालेत.”

“बाबा, यार, जाऊ दे ना तिला,” नीला म्हणाली.

“मी कुठे नाही म्हणतोय? बिल्कुल जाऊ दे. पण रविवारी राजम्याचं काय?”

दिनकररावांचा जन्म करोलबागेतला. आमटीवाचून ते महिनाभर राहिले असते. रविवारच्या राजमा-चावलावाचून नाही. वृंदाताई सगळ्या रविवारांचा राजमा करून, डब्यांत भरून, फ्रीझरमध्ये ठेवून गेल्या. दिनकररावांनी तो पहिल्याच आठवड्यात संपवला आणि पुढे फोनवरून मटण मागवायला शिकले. त्यांच्या परीनं त्यांचीही प्रगती चालू होती.

इकडे फ्लॉरेन्सच्या वर्गात पहिल्या दिवशी एन्झो नावाचा सत्तरीचा निवृत्त बसचालक आला, अंगावरचे कपडे काढून त्यांची नीट घडी घातली आणि चौथऱ्यावर उभा राहिला. वृंदाताईंनी छत बघितलं. छत फार जुनं आणि सुंदर होतं. पण छताचं चित्र काढायचं नव्हतं.

दिल्लीकर मराठी माणसाचा मेंदू घराबाहेर पडला की हिंदी सुरू करतो. घर किती लांब आहे हे तो बघत नाही. वृंदाताईंनी घसा साफ केला आणि त्यांच्या तोंडून निघालं, “भैया, पैर थोड़ा इधर कर लो.”

एन्झोनं पाय थोडा इकडे केला. आणि वृंदाताईंना एकदम मोकळं वाटलं. भैया म्हटल्यावर माणूस कितीही उघडा असला तरी संकोच वाटेनासा होतो.

डोकं आलं, खांदे आले, पोटही बऱ्यापैकी आलं. गुडघ्यांना थोडा त्रास झाला. नडगीच्या खाली मात्र हात आपला आपणच चालू लागला. ब्रुना नावाची बाई शिकवत होती. ती मागून येऊन थांबली. तिचं आणि वृंदाताईंचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे दोघींचं छान जमत असे.

“हे काय आहे?” ब्रुनानं विचारलं.

“कापड,” वृंदाताई म्हणाल्या.

“कापड कुठे आहे?”

वृंदाताईंनी मान वर केली. एन्झोवर कापड नव्हतं. खिडक्यांनासुद्धा पडदे नव्हते, लाकडी झडपा होत्या. कागदावर मात्र एका निवृत्त बसचालकाच्या घोट्यांभोवती उत्तम चापूनचोपून घातलेल्या निऱ्या होत्या, वर बारीक जरीचे काठ.

ब्रुना हसली नाही, रागावलीही नाही. तिनं नवा कागद लावून दिला. “तुला पाय माहीत आहे,” ती म्हणाली, “म्हणून तू तो बघत नाहीस. आता फक्त पाय.”

मग फक्त पाय. सकाळी एन्झोचे आणि दुपारी संग्रहालयांतले. सगळं जग तिथे माना वर करून फिरत होतं आणि वृंदाताई खाली वाकून. संतांचे पाय, सैनिकांचे पाय, देवदूतांचे जमिनीला न लागणारे आणि तरीही टाचा असलेले पाय. एकदा एका संगमरवरी म्हाताऱ्याच्या पायांशी त्या इतक्या वाकल्या, की आता या बाई हात लावणार म्हणून पहारेकरी धावत आला. हात खरोखरच पुढे झाला होता. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण जन्मभर पायाच पडत आलो आहोत. सासूसासरे, आत्या, मामा, गुरुजी, लग्नाच्या हॉलमधले ओळखीचे आणि बिनओळखीचे सगळे वडीलधारे. इतके पाय दिल्लीत क्वचितच कुणी इतक्या जवळून पाहिले असतील. पण दर वेळी डोळे मिटलेले.

तेव्हापासून त्यांनी डोळे उघडे ठेवले. पाचव्या आठवड्यात एक पाय कागदावर उभा राहिला. उभा म्हणजे खरंच उभा. त्याच्यावर एन्झोचं वजन दिसत होतं. ब्रुना बघून म्हणाली, “एको!” त्याचा अर्थ वृंदाताईंनी विचारला नाही. सुरातच कळलं.

विमानतळावर घ्यायला आलेले दिनकरराव किंचित लंगडत होते.

“काय झालं?”

“काही नाही. नवा बूट चावलाय. पहाडगंजला होलसेलमध्ये घेतला.”

दोन महिन्यांनी गणेशोत्सव आला, तोवर बूट अधूनमधून चावतच होता. दिनकरराव बाल्कनीत स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत बसत. वृंदाताईंनी समोर पाट ठेवला आणि लग्नानंतर प्रथमच नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. शिरा, टाचेच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा फुगून लाल चकचकीत झाला होता.

तो फुगवटा त्यांनी काढला आणि रबर हातात घेतलं. तो तिथे बरा दिसत नव्हता. लोक म्हणणार, इटलीला जाऊनही वृंदाचा हात घसरला. जरासा सपाट केला असता तर पाय किती देखणा दिसला असता! त्यांनी रबर टेकवलंही. मग मोडक्या इंग्रजीतला तो प्रश्न आठवला: कापड कुठे आहे? त्यांनी रबर दिनकररावांच्या चहाच्या बशीत ठेवून दिलं.

प्रदर्शनात चित्र लागलं. कागदभर फक्त दोन पाय. दिनकरराव बुटांत पाय कोंबून शेजारी उभे होते आणि पुटपुटत होते, “माझे आहेत हे कुणाला सांगू नकोस हं.”

चंद्रप्रभाताई आल्या. “अगं, इटलीहून येऊन एवढंच? बाई कुठे गेली?”

“या वर्षी नाही आली.”

“आणि चेहरा?”

“चेहरा ज्याचा त्याच्यापाशी.”

“छान आहे हो, नाही कसं म्हणू,” चंद्रप्रभाताई चित्राजवळ गेल्या. “पण इथे अंगठ्यापाशी बिघडलं बघ. गाठ आल्यासारखी दिसतेय. असू दे, पहिल्यांदाच काढलेस ना.”

मागच्या दोघीतिघींनीही माना हलवल्या. सगळ्यांना तेवढीच एक जागा चुकलेली दिसत होती. पुढच्या वर्षी झोपाळा आणि मांजर, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच.

एवढ्यात कर्नल जयंत ढवळीकर तिथून चालले होते. हाडांचे डॉक्टर, छावणीच्या लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेले. चित्रकलेशी त्यांचा संबंध एवढाच, की प्रदर्शनाच्या भिंतीच्या कडेकडेनं गेलं की साबुदाणावड्याचं टेबल लवकर लागतं. हातात प्लेट होती. ते चित्रापाशी थबकले, चष्मा वर केला, आणखी वाकले.

“हा पाय कुणाचा?”

दिनकरराव एक पाऊल मागे सरकले.

“मी विचारतोय, हा माणूस कोण आहे? याला चालता कसं येतंय?”

“कर्नलसाहेब, ते चित्र आहे,” दिनकरराव म्हणाले.

“चित्र आहे ते मला दिसतंय. दुखतंय किती दिवस?”

दिनकररावांनी बायकोकडे बघितलं. मग बुटांकडे. “दोन महिने. पण ते बुटामुळे.”

“बूट उतरवा.”

बूट उतरला, मोजा उतरला. कर्नलसाहेबांनी एकदा खऱ्या पायाकडे आणि एकदा भिंतीवरच्या पायाकडे बघितलं, आणि भिंतीवरच्या पायाकडेच बोट दाखवून दिनकररावांना सगळं समजावून सांगितलं. त्यात जास्त स्पष्ट दिसत होतं म्हणाले. चंद्रप्रभाताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पुढचा अर्धा तास येईल त्याला त्या ती गाठ स्वतः बोट दाखवून दाखवत होत्या.

नवऱ्याला दुखणं आहे म्हटल्यावर बायकोला वाईट वाटतं. वृंदाताईंनाही वाटलं, पण ते घरी पोचल्यावर. सभागृहात त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं, की दिनकरराव एक पाय बुटात आणि एक उघडा अशा अवस्थेत म्हणाले, “तुला आनंद झालाय का?”

“थोडासा,” वृंदाताई म्हणाल्या.

सोमवारी रक्त दिलं, मंगळवारी रिपोर्ट आला. युरिक ॲसिड नऊ पूर्णांक एक, म्हणजे राजमा आणि मटण दोन्ही बंद. त्या रविवारी घरात दुधीची भाजी केली होती.