करवंटीवरची शीग

माहलीच्या डाव्या पायाचा अंगठा कापून चार महिने झाले होते आणि आता शेजारच्या बोटावर काळसर छटा दिसायला लागली होती. रुगायाह रोज पहाटे नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन ते बोट निरखायची.

क्लिनिकमधल्या नर्स आग्नेसनं सांगितलेलं तिनं मनापासून पाळलं होतं. ताटात अर्धी पालेभाजी, पाव भाग मासा, पाव भाग भात. भाताच्या मापासाठी एक लहानशी करवंटी घासून गुळगुळीत केली होती. एका जेवणाला एकच करवंटी. तरी रक्तातली मेली साखर उतरायचं नाव घेईना.

"मावशी, महिनाभरात साखर खाली आली नाही, तर डॉक्टर बोटावर थांबणार नाहीत," आग्नेस म्हणाली. "पाय घोट्यापासून जाईल. खरं सांगा, काका आणखी कुठं खातात?"

"घरी मी मापून देते."

"आणि घराबाहेर?"

माहली छताचे पंखे मोजत बसला. पंखा एकच होता.

घरी येताना रस्त्यातच तिनं त्याला धरलं. "अहो अबांग, बोला. कुठं कुठं गिळता?"

माहली नदीवर उतारू नेण्याची नाव चालवायचा. पलीकडच्या काठावर सगळी ओळखीची घरं. कुणी नारळाच्या दुधात शिजवलेलं चिकट तांदळाचं पुलुत पुढं करायचं, कुणी तळलेली केळी, कुणी साखर ढवळलेली कॉफी.

"मग नाही म्हणायला तोंड नाही?"

"नाही म्हणू?" माहली थांबला. "याह, लग्नाच्या दिवशी शपथ कुणी घातली होती मला?"

शपथ रुगायाहनंच घातली होती.

पुढं केलेलं अन्न नाकारून नदीवर जाणाऱ्याला केम्पुनानचा शाप बाधतो, मगर त्याची वाट बघत बसते, हे सारावाक नदीच्या काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. त्यावरची तोडही सोपी. खायचं नसेल तर पदार्थाला बोट लावायचं, ते ओठांना टेकवायचं, झालं. पण रुगायाहचा त्या तोडीवर विश्वास उरला नव्हता. ती नऊ वर्षांची असताना तिनं पहिल्यांदाच पुलुत केलं होतं. बापानं घाईघाईत बोट लावलं, ओठांना टेकवलं, "आल्यावर खातो गं" म्हणाला आणि जाळं घेऊन गेला. संध्याकाळी त्याची होडी शेजारचा माणूस वल्हवत घेऊन आला. बाप कधीच आला नाही.

म्हणून तिनं नवऱ्याला शपथ घातली होती. नुसतं बोट लावायचं नाही, निदान चार घास खायचे. माहलीनं तीस वर्षं ती पाळली होती, घरोघरी. म्हणजे त्याचा पाय तिच्याच भीतीनं पोखरला होता. आणि घरची करवंटी? करवंटी एकच, हे खरं. पण तिच्यावर रोज काठाच्या वर भाताची शीग असायची. इथूनच तो नदीवर जातो, कमी कसं वाढायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "शपथ सुटली. आजपासून नुसतं बोट लावायचं."

माहलीचा चेहरा उतरला. "आणि मगर?"

"मगर मला एकदाही दिसलेली नाही. तुमच्या पायाचं हे काळं बोट रोज दिसतंय."

बोलली ठसक्यात. पण तो निघताना तिनं करवंटीवर शीग घातलीच. बाहेरचं तोडलं, एवढं आज पुरे, अशी मनाची समजूत घातली.

तो गेला आणि तिचं घरात लक्ष लागेना. मासे कापताना बोट कापलं. शेवटी ती धक्क्यावर जाऊन बसली. पाणी गढूळ, खालचं काही दिसत नव्हतं. एखादा ओंडका वाहत आला की तिला मगरच वाटायची. माहली साडेबाराला जेवायला यायचा. एक वाजला. दीड वाजला. मी मारलं माझ्या माणसाला, असं ती पुटपुटायला लागली.

मग वळणावर नाव दिसली. नाव त्यांचीच, हिरव्या छताची. पण आत बसलेला माणूस त्यांचा नव्हता. माहली अंगात कायम मळकी पांढरी बनियन घालायचा. हा कुणीतरी भडक नारिंगी कपड्यातला, फुगलेला, ताठ बसून नाव हळूहळू आणत होता. दुसराच माणूस होडी घेऊन येतोय! ती खांबाला धरून उभी राहिली.

"याह! दोर धर की! भूत बघितल्यासारखी काय उभी आहेस?"

माहलीच होता. तीस वर्षं बुडाखाली उशी म्हणून घेतलेलं लाईफ जॅकेट त्यानं अंगात चढवलं होतं. सगळे पट्टे आवळले होते.

तिनं दोर बांधला आणि ती त्याच्या खांद्यावर चापट्या मारत रडायला लागली. "इतका उशीर?"

"सात घरी बोट लावलं," तो खाली मान घालून म्हणाला. "दर वेळी नावेत पाय ठेवताना तुझा बाप आठवायचा. म्हणून नाव सावकाश आणली. लोक हसले मला. हसू देत."

तिला वाटायचं, हा आवडीनं खातो. इतकी वर्षं तोही तिच्याइतकाच भ्यालेला होता.

जेवायला बसल्यावर तिनं करवंटी भरली. सवयीनं शीग आली. तिनं त्याच्या पायाकडं पाहिलं.

"तीनला परत नदीवर जायचंय," माहली हलकेच म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

तिनं तळहात करवंटीच्या काठावरून फिरवला. वरची शितं भांड्यात परत पडली. भात काठाबरोबर सपाट झाला. माहलीनं तेवढाच खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. मग हात लांबवून भांड्यातल्या उरलेल्या भाताला एक बोट लावलं आणि ते ओठांना टेकवलं.

तीनला धक्क्यावर तिनं स्वतःच्या हातांनी त्याच्या जॅकेटचे पट्टे आवळले. सगळे नीट बसलेत ना, हे दोनदा ओढून पाहिलं. मग दोर सोडला.