राजा आडवा आला तेव्हा

सूनबाईला सिनेमात काम करायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. अट सासूबाईंची, आणि त्या घरात सासूबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"परक्या पुरुषांसमोर तोंड उघडायचं नाही."

ते दिवस मुक्या सिनेमाचे. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची आणि काय म्हणाली ते मागाहून पाटीवर लिहून यायचं. नवऱ्याचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर घड्याळं पुष्कळ, दारात गिऱ्हाईक एखादं. त्याने आईसमोर उभं राहून, ओठ सावकाश हलवत समजावलं, "आई, हा सिनेमा मुका असतो. बोलायचा प्रश्नच येत नाही."

"मग जाऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "गप्प बसायचा पगार मिळत असेल तर बरंच आहे. घरात ती फुकटच गप्प असते."

हे खरं होतं. सासूबाईंचे कान एका तापात गेले होते, पण समोरच्याच्या ओठांवरून त्या सगळं वाचायच्या. समोरच्याच्याच का? खिडकीच्या काचेत वाचायच्या, घासलेल्या पातेल्याच्या बुडात वाचायच्या. त्या घरातल्या भिंतींना कान नव्हते, पण सासूबाईंचे डोळे सगळीकडे होते. सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा चारदा पाठमोरी पुटपुटली आणि चारही वेळा पकडली गेली. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. "जेवण झालंय", "दूध आलंय", "दिवा लावू का", एवढ्यावर संसार चालला होता.

स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची एक शेड. आत कापडावर रंगवलेलं जंगल, पुठ्ठ्याचं सिंहासन आणि अंगाची लाही करणारं ऊन. सूनबाईची मान उंच म्हणून तिला राणी केलं. डायरेक्टर पत्र्याच्या भोंग्यातून ओरडायचा, "ओठ हलू देत! काहीही बोला, पाढे म्हणा, पण हलू देत!" राजा झालेला नट प्रेमाच्या प्रसंगात राणीचा हात हातात घेऊन आपल्या दाढदुखीबद्दल बोलायचा. फार आर्त दिसायचा.

पंचाईत झाली रडण्याच्या प्रसंगाला. राजा राणीला वनात धाडतो, राणी त्याचे पाय धरते. सूनबाईच्या डोळ्यांत टिपूस येईना. कांदा चोळून पाहिला तर नुसतं नाक वाहिलं.

"घर आठवा, बाई, घर!" डायरेक्टर ओरडला.

सूनबाईने घर आठवलं आणि बांध फुटला.

"साखरेच्या डब्याला कुलूप!" राजाच्या पायांना मिठी मारून ती म्हणाली. "मी काय मुंगी आहे? भाजीत मी मीठ घातलं की ही मागून येऊन पुन्हा घालणार, आणि जेवताना म्हणणार, सुनेचा हातच खारट! आणि आजारी पडले की हीच उशाशी बसणार, पाय चेपणार. म्हणजे धड रागवायचीही सोय नाही मला!" इथे तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. कॅमेरावाला हँडल फिरवता फिरवता हुंदके देत होता. राजा दाढ विसरला.

तेव्हापासून रडायचं असलं की सूनबाई सासूबाईंना आठवायची, आणि तिच्यासारखं रडणारं अख्ख्या धंद्यात कोणी उरलं नाही. वनवासाचं ते पिक्चर तुफान चाललं. लोक बायकामुलांसकट जाऊन रडून यायचे.

एके दिवशी सासूबाई बाजारातून आल्या त्या छत्री न ठेवताच म्हणाल्या, "शिंपी माझ्या पाया पडला. म्हणाला, तुमच्या सुनेने गाव रडवलं. उद्या दुपारच्या खेळाला मी जाणार."

सूनबाईच्या हातातलं ताट निसटलं. सासूबाईंना आवाज गेला नाही, पण चेहरा दिसला. "का गं? तोंड मिटूनच असतेस ना तिथे?"

पडद्यावर सूनबाईचं तोंड दरवाजाएवढं दिसायचं. ते वाचायला सासूबाईंना चष्मासुद्धा लागला नसता. आणि एकदा वाचलं की संपलं. राणीचा मुकुट खुंटीवर आणि ती पुन्हा "दूध आलंय"वर.

ती धावत डायरेक्टरकडे गेली. "तो पाय धरायचा तुकडा कापता का हो?"

"कापू?" डायरेक्टर म्हणाला. "त्यापेक्षा माझं डोकं कापा. पिक्चरचा जीव आहे तो!"

नवऱ्याला सांगितलं. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा लावलं. "मी आईला मागच्या रांगेत, खांबामागे बसवतो," एवढं म्हणाला. बिचाऱ्याचा तोच पराक्रम.

सासूबाई खांबामागे बसल्या नाहीत. पहिल्या रांगेत, मधोमध बसल्या. सूनबाई शेजारी, जीव मुठीत धरून. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पडद्याशेजारी एक माणूस पाट्या मोठ्याने वाचायचा. जंगल आलं, राजा आला, राणीने पाय धरले.

"प्राणनाथ!" पाटीवाला गळा काढून ओरडला. "या अबलेला वनात धाडू नका!"

थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज. आणि त्यावर सासूबाईंचा आवाज, ज्याची पट्टी त्यांना स्वतःला कधीच कळायची नाही:

"खोटं! मीठ मी एकदाच घालते!"

पाटीवाला गडबडला. "आजी, राणी असं म्हणते की, प्राणनाथ..."

"तू गप रे!" त्याचे ओठ उजेडात होते. "प्राणनाथ कुठला? साखरेचं चाललंय!"

मागून कोणीतरी खिदळलं. सूनबाईने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावरचा राजा पाय सोडवून नेमका कॅमेऱ्यासमोर आला होता, आणि त्याच्या रुंद पाठीमागे राणीचं तोंड झाकलं गेलं होतं. दिसत होते ते नुसते हलणारे हात.

"अरे बाजूला हो, टोणग्या!" सासूबाई कडाडल्या.

खेळ संपला. घरात शिरल्यावर सासूबाईंनी खुर्ची ओढली, खिडकीपाशी ठेवली आणि सूनबाईला बसवलं. स्वतः समोर स्टूल घेऊन बसल्या. सूनबाईने मनातल्या मनात मुकुट उतरवून ठेवला.

"तोंड उजेडात कर," सासूबाई म्हणाल्या. "तो टोणगा आडवा आला तेव्हा काय म्हणत होतीस?"

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? हात हलत होते तुझे. कान गेल्यापासून या घरात सगळे मला तीन शब्दांत उरकतात. जेवा, झोपा, औषध घ्या. आज इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याबद्दल एवढं सलग बोललं, आणि ते ऐन रंगात राजाच्या पाठीमागे गेलं! शिव्या का असेनात, पुऱ्या दे मला. गावाला आधी आणि मला शिळ्या, हे चालायचं नाही."

सूनबाईने तोंड उजेडात धरलं. "मी म्हणत होते... तुम्ही माझी चप्पल घालून जाता आणि स्वतःची जपून ठेवता."

"तुझी मऊ आहे."

"मग तसं म्हणायचं होतं!"

"तू कधी विचारलंस?"

आणि मग जी जुंपली! दूध उतू गेलं, नवरा दारातून डोकावून परत दुकानात गेला, आणि शेवटी साखरेच्या डब्याचं कुलूप निघून सूनबाईच्या मांडीवर येऊन पडलं. काम चालू ठेवायचं, असं ठरलं. फक्त पडद्यावर काय बोलायचं ते आधी घरी बोलायचं.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत राणीचं बाळ हरवलं. सूनबाईने घर आठवलं. डोळे कोरडे ठणठणीत. पुन्हा आठवलं. चक्क हसू आलं.

"घरी काही बिनसलंय का, बाई?" डायरेक्टर रडवेला होऊन म्हणाला.

"नाही हो," सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "काहीच बिनसलेलं नाही. तेच तर झालंय."

संध्याकाळी तिने खिडकीपाशी बसून सासूबाईंना सगळं सांगितलं. नवं पिक्चर अडलंय, उद्या रडू आलं नाही तर दुसरी राणी आणणार आहेत. सासूबाईंनी नीट वाचून घेतलं. मग उठल्या, सूनबाईने खोक्यात टाकून दिलेलं कुलूप शोधून काढलं, साखरेच्या डब्याला लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"भाजी झाली का?" त्या म्हणाल्या. "सरक जरा. मीठ घालते."