काढणारी

वर्षाराणीने वल्हं शेवटचं ओढलं आणि पाण्यावर बांधलेल्या लाल कॅनला मागे टाकून होडी पुढे निघून गेली. धरणाच्या बांधावर उभ्या असलेल्या तिच्या बापाने, पुंजाजीने, मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं.

"अठ्ठेचाळीस सेकंद," तो ओरडला. "भोपाळले हेच पाह्यजे, माय."

एका गुडघ्यावर बसायचं, एकाच बाजूने वल्हवायचं, दोनशे मीटर. या खेळात ती दोनदा देशात पहिली आली होती, आणि रिसोड तालुक्यातल्या निम्म्या लोकांना असा काही खेळ असतो हेच अजून पटत नव्हतं. भारताच्या संघातली जागा मात्र दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता खांदा कुरकुरायला लागला होता. भोपाळची ही निवड चाचणी शेवटची, हे बापलेक एकमेकांना न सांगता धरून चालले होते. रिसोडहून गाडी आजच दुपारी दोनला होती.

गावाला तिचा दुसराच उपयोग सापडला होता. धरणात कोणी बुडालं की पहिला फोन तिला. चार वर्षांत तिने सहा जण काढले, एकही जिवंत नाही. हल्ली तिची होडी पाण्यात दिसली की बाया हाका मारून आपापली पोरं घरात घेत. जिंकून आल्यावर हार घालणारे लोक हेच. याचा तिला राग येई, आणि त्या रागाचं करायचं काय हे कळत नसे.

ती काठाला लागली तेव्हा तिथे गावातली म्हातारी मनकर्णाबाई उभी होती. हातात खण आणि नारळ. काढणारीला मयताच्या घरचे खण-नारळ देतात, अशी रीतच पडून गेली होती. तो घ्यावा लागतो, पण त्याची चोळी शिवायची नसते.

पुंजाजीचा चेहरा उतरला.

"कोण गेलं, मनकर्णाबाई?"

"कोणीच नाही गेलं."

"मंग हे कायले आनलं?"

म्हातारीने खण वर्षाराणीपुढे धरला.

"तू पंधरा दिवस गावात नाही, असं लोक म्हनते. मांगून मी कोणाच्या पाया पडू? आताच घेऊन ठेव. तसं काही झालं तं निरोप धाडीन. येजो मंग."

"कोणासाठी, आजी?"

"मंजुषासाठी. सून माह्यी. दुसऱ्यांदा पोट खाली झालं, तवापासून बोलत नाही. काल बांगड्या काढून देव्हाऱ्यात ठेवल्या तिनं. माह्या पोरगा पवन तिकडं ऊसतोडीले. मी मजुरीले गेल्यावर तिच्यापाशी कोण बसन?" तिचा आवाज कुठेच हलला नाही. "पोरगी पाण्यात सडू नये, एवढंच."

मंजुषाला अडवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. काढायची सोय मात्र आधी लागली होती, आणि ती सोय म्हणजे आपण, हे वर्षाराणीला फार लागलं.

"ती आत्ता कुठं हाय?"

"घरी. सैपाक करून राह्यली."

खण न घेता ती ओल्या कपड्यांनीच निघाली.

"गाडी..." पुंजाजी मागून म्हणाला.

मंजुषा चुलीपाशी होती. दारात वर्षाराणीला पाहून ती दचकली नाही. उलट तिचा चेहरा जरा सैल झाला, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं कोणी भेटावं तसा.

"आत्याबाईनं सांगतलं असन," ती सासूबद्दल म्हणाली. "तुमची शर्यत हाय नं, ताई? जाऊन या. तुमी येतपर्यंत मी थांबतो."

तिने हे अगदी मनापासून सांगितलं. आपल्यापायी कोणाची खोटी होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

वर्षाराणी खाली बसली आणि परातीतल्या कणकेचा गोळा तोडू लागली. पोळ्या झाल्या, भांडी झाली, दोनची गाडी निघून गेली, तरी ती तिथेच होती. आणि मंजुषा तिला राहून राहून समजावत होती,

"जा नं, ताई. मी थांबतो म्हटलं नं."